घरातलं मूल ट्रान्स असल्याचं कळल्यावर : पहिल्या संध्याकाळपासून कागदपत्रांपर्यंत

आमच्या मुलाच्या जन्मनोंदीवर 'मुलगी' असं लिहिलं गेलं होतं. जन्मनोंदीतलं लिंग आणि स्वतःची आतली ओळख अशी जुळत नसेल, तर त्या माणसाला ट्रान्स म्हणतात. आज तो सज्ञान आहे आणि आपल्या नावाने, आपल्या आवाजात बोलतो. मधल्या काळात आम्हाला माहिती मिळाली ती तुकड्यातुकड्यांत आणि उलट्या क्रमाने. शस्त्रक्रियेबद्दल लोकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, मुलाशी काय बोलायचं हे मात्र कुणीच सांगितलं नाही. म्हणून हा लेख, आम्हाला हवा होता त्या क्रमाने. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं एवढ्यासाठी. स्वतः डोस ठरवायला त्याचा उपयोग करू नका.

माझं म्हणणं थोडक्यात असं : 'ट्रान्झिशन', म्हणजे जन्मनोंदीऐवजी आपल्या ओळखीप्रमाणे जगायला लागणं, हा एक निर्णय नाही. त्यात अनेक वेगवेगळे निर्णय आहेत. काही उद्या सकाळी घेऊन परवा मागे घेता येतात, काही कधीच मागे घेता येत नाहीत. घाबरलेले आईबाप हे सगळं एकाच गाठोड्यात बांधतात आणि मग मुलाने केस कापायचे म्हटले तरी शस्त्रक्रियेवर भांडतात.

१. पहिली संध्याकाळ

मूल हे सांगतं तेव्हा त्याने त्यावर बहुधा कितीतरी महिने, कधी कितीतरी वर्षं विचार केलेला असतो. तुम्ही मात्र ते पहिल्यांदाच ऐकत असता. त्याला वाटतं तुम्ही फार मागे आहात, तुम्हाला वाटतं ते फार पुढे पळतंय. दोघांचंही खरं असतं.

त्या संध्याकाळी एवढंच पुरे : "सांगितलंस ते बरं केलंस. मला अजून सगळं कळलेलं नाही, पण मी ऐकतेय." मग तीन गोष्टी विचारा. हे आणखी कुणाला माहीत आहे? घरात आत्ता काय बदललेलं आवडेल? आणि शाळेत, क्लासला, रस्त्यात कुठे असुरक्षित वाटतं का?

'कुणी डोक्यात भरवलं?' हा प्रश्न गिळून टाका. 'उद्याच डॉक्टरकडे जाऊ, सगळं करून टाकू' हे आश्वासनही देऊ नका. पहिल्याने मूल बोलायचं थांबतं, दुसऱ्याने तुमचा शब्द खोटा पडतो. आणि त्या रात्री कुठल्याही नातेवाइकाला फोन करू नका. ही बातमी मुलाची आहे.

एक प्रश्न मात्र टाळू नका. मूल खचलेलं, गप्प, स्वतःला इजा करणारं वाटत असेल तर सरळ विचारा : "जीव नकोसा वाटतो का? मरण्याचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा तातडीची सेवा गाठा. लिंगभावाचं, म्हणजे आपण मुलगा, मुलगी की आणखी काही या जाणिवेचं, सगळं बोलणं त्यानंतर.

२. निर्णय वेगळे काढा

एक कागद घ्या आणि हे पाच रकाने आखा. आमच्या फ्रिजवर असा कागद बरेच दिवस होता.

- नाव, सर्वनाम, कपडे, केस. डॉक्टर लागत नाही, पूर्ण मागे घेता येतं.
- कागदपत्रं. बहुतेक ठिकाणी पुन्हा बदलता येतात, पण कटकट फार.
- वयात येणं थांबवणारी औषधं, म्हणजे प्युबर्टी ब्लॉकर. बंद केल्यावर वयात येणं पुन्हा सुरू होतं, पण काही प्रश्न उरतात. ते पुढे सांगते.
- हार्मोन्स, म्हणजे टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन. काही परिणाम जातात, काही कायमचे राहतात.
- शस्त्रक्रिया. परतीची वाट नाही असंच समजून चाला.

आता ज्याने निम्म्या पालकांचा जीव भांड्यात पडतो ती गोष्ट : वयात येण्याआधी कुठलाही वैद्यकीय उपचार नसतो. औषध नाही, इंजेक्शन नाही. सात वर्षांच्या मुलाबाबत घ्यायचे निर्णय फक्त पहिल्या रकान्यातले असतात. शिवाय फ्रॉक आवडणारा प्रत्येक मुलगा ट्रान्स नसतो आणि फुटबॉलवेडी प्रत्येक मुलगीही नसते. काही मुलं पुढे समलिंगी असल्याचं कळतं, काही आहेत तशीच वेगळ्या आवडीची राहतात, काही ट्रान्स असतात. लहानपणी यातलं काय हे ठरवून टाकायची गरज नाही. मुलाला कपडे आणि खेळ मोकळेपणाने निवडू द्या, लेबल चिकटवू नका आणि ओरबाडून काढूही नका.

वयात येताना किंवा त्यानंतर ही जाणीव तीव्र झाली, टिकून राहिली आणि शरीराबद्दलचा त्रास वाढत गेला, तर पुढचे रकाने बोलायला घ्यायचे.

३. घरातली क्रियापदं

आपल्या भाषेत नाव बदलून भागत नाही. 'आली का गं?' चं 'आला का रे?' व्हायला लागतं. विशेषणं बदलतात, हाका बदलतात. घरातल्या मोठ्यांची जीभ वर्षानुवर्षं एकाच वळणाला सरावलेली असते. उपाय कंटाळवाणा आहे : मूल समोर नसताना सराव करा. नवरा-बायकोने संध्याकाळी मुलाबद्दल बोलताना नवीन नाव आणि नवीन रूपं वापरायची. तोंडात बसायचं ते तिथेच बसतं, कारण समोर बोलताना आपण सावध असतोच.

चुकलात तर लगेच सुधारा आणि पुढे चला. "ती... तो क्लासला गेलाय." बस. दहा मिनिटं माफी मागत बसलात तर मुलालाच तुमची समजूत घालावी लागते.

आजी-आजोबांना मुदत द्या, पण मुदतीला शेवट असू द्या. आमच्याकडे आजीने नवीन नाव सगळ्यांत आधी उचललं आणि सुशिक्षित काकांना फार काळ लागला, तेव्हा कुणाकडून काय अपेक्षा ठेवायची याचे अंदाज बांधू नका.

एक सापळा इथेच आहे. कुणाला काय माहीत आहे याची यादी मुलाबरोबर बसून करा. बऱ्याच मुलांना सुरुवातीला घरात नवीन नाव हवं असतं, पण शाळेत आणि नातेवाइकांत जुनंच चालू राहावं असं वाटतं. हे ढोंग नाही, ही सावधगिरी आहे. घरच्यांच्या ग्रुपवर चुकून गेलेला मेसेज, फोनमध्ये बदललेलं नाव, पार्सलवर छापलेलं नाव, शाळेच्या ईमेलची प्रत : गुपितं अशीच फुटतात.

जुन्या फोटोंचं काय करायचं हेही मुलालाच विचारा. काहींना ते भिंतीवर नको असतात, काहींना काही वाटत नाही.

४. शाळा

शाळेत आधी एकच माणूस शोधा : वर्गशिक्षक, समुपदेशक किंवा मुख्याध्यापक, ज्याच्याबद्दल मुलाला विश्वास आहे. पहिल्याच भेटीत सगळ्या शिक्षकांची सभा नको. हजेरीत कुठलं नाव, कुठलं स्वच्छतागृह, खेळाच्या तासाला कपडे कुठे बदलायचे, सहलीत झोपायची सोय, निकालपत्रकावर काय छापणार, चिडवणाऱ्यांबद्दल कुणाकडे जायचं, एवढे मुद्दे पुरतात. ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा. तोंडी आश्वासनं शिक्षक बदलले की हवेत जातात.

५. शरीराच्या त्रासावर तात्पुरते उपाय

हे बहुतेक पालकांना उशिरा कळतं, कारण मूल ते लपून करत असतं. छाती सपाट दिसावी म्हणून मुलं क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी आवळून बांधतात. हे धोकादायक आहे. बँडेज श्वासाबरोबर आणखी आवळत जातं. फासळ्यांना इजा होते, त्वचा सोलवटते. त्यापेक्षा त्या कामासाठी बनवलेलं, योग्य मापाचं बाइंडर (छाती दाबून सपाट ठेवणारा आतला कपडा) घेऊन द्या. नियम साधे आहेत :

- दिवसात साधारण ८ तासांहून जास्त नाही.
- झोपताना नाही, व्यायाम करताना नाही.
- लहान माप घेतल्याने छाती जास्त सपाट होत नाही, फक्त दुखते.
- दम लागला, दुखलं, मुंग्या आल्या तर लगेच काढायचं. आठवड्यातून काही दिवस पूर्ण सुट्टी.

ट्रान्स मुली, म्हणजे जन्मनोंदीवर 'मुलगा' लिहिलेल्या, लिंग मागे दाबून बांधतात. तिथेही घट्ट टेप नको, तासन्‌तास नको, आणि वेदना झाली की थांबायचं. पाळीचा त्रास असह्य असलेल्या ट्रान्स मुलांसाठी पाळी थांबवणारी नेहमीची औषधं असतात. ती स्त्रीरोगतज्ज्ञही देऊ शकतात आणि त्यासाठी टेस्टोस्टेरॉन सुरू करावं लागत नाही. हा मधला मार्ग फारच कमी लोकांना माहीत असतो, आणि तेवढ्यानेही कित्येक मुलांना श्वास घेता येतो.

६. डॉक्टरांकडे जाताना

आधी पाया समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात लिंगभावातली विसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित प्रकरणात ठेवली आहे. म्हणजे ट्रान्स असणं हा मानसिक आजार धरला जात नाही. तरीही उपचारांआधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाकडून मूल्यमापन होतं, आणि अल्पवयीन मुलांत ते व्हायलाच हवं. ही मुलाच्या खरेपणाची परीक्षा नसते. ही जाणीव किती काळ टिकली आहे, मुलाला परिणाम कितपत समजतात, सोबत नैराश्य, चिंता, खाण्याचे विकार, स्वमग्नता असं काही आहे का, हे पाहिलं जातं. अशा उपचारकेंद्रांत येणाऱ्या मुलांत स्वमग्न मुलांचं प्रमाण एकूण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळतं. स्वमग्न मूल ट्रान्स असू शकत नाही असा याचा अर्थ नाही. मात्र त्याच्याशी बोलायला जास्त वेळ आणि जास्त स्पष्ट शब्द लागतात.

चांगल्या पथकात सहसा हे लोक असतात : मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ, हार्मोन्सचा डॉक्टर म्हणजे एन्डोक्रायनॉलॉजिस्ट (लहान मुलांचा असेल तर उत्तम), आणि गरजेप्रमाणे स्त्रीरोग किंवा प्रजननतज्ज्ञ. सगळे एका छताखाली क्वचितच मिळतात. मग फाईल तुम्हालाच सांभाळावी लागते.

बरोबर न्यायचं :

- मुलाचा आणि तुमचा ओळखपुरावा, जन्मदाखला
- आधीचे सगळे रिपोर्ट, चालू औषधांची यादी, ॲलर्जी
- उंची-वजनाच्या जुन्या नोंदी आणि वयात येण्याची लक्षणं कधी दिसली ते, पाळी सुरू असल्यास तारखा
- घराण्यात रक्ताच्या गुठळ्या, स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, ठिसूळ हाडं असल्यास त्याची नोंद
- आधीच्या समुपदेशकाचं पत्र, असल्यास
- आई-वडील वेगळे राहत असतील तर संमती कोण देऊ शकतं याचा कागद
- मुलाने स्वतः लिहिलेले प्रश्न

शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. तपासणीच्या खोलीत आईबाप बोलतात आणि मूल पायांकडे बघत बसतं. थोडा वेळ बाहेर थांबायची तयारी ठेवा. डॉक्टरांनी मुलाशी एकटं बोलणं हा भेटीचा भागच आहे.

तुम्ही विचारायचे प्रश्न : अशा किती मुलांवर तुम्ही उपचार केलेत? काहीही न करता थांबलो तर काय होईल? या औषधाचा कुठला परिणाम कायमचा आहे? तपासण्या किती दिवसांनी? थांबवायचं झालं तर कसं?

दोन प्रकारच्या दारांतून उलट्या पावली बाहेर पडा. पहिलं 'आम्ही याला बरं करून देतो' म्हणणाऱ्यांचं. मग तो डॉक्टर असो, समुपदेशक असो, की मंत्रतंत्र करणारा. लिंगभाव बदलण्याच्या 'उपचारां'ना आधार नाही आणि नुकसान मात्र खूप होतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र तज्ज्ञाने २०२० मध्ये अशा प्रकारांवर जगभर बंदी आणण्याची मागणी केली. दुसरं दार, पहिल्याच भेटीत रक्ततपासणीही न करता हार्मोनची चिठ्ठी लिहिणाऱ्यांचं. कंटाळलेल्या मुलाला हे दार फार आकर्षक वाटतं.

७. प्युबर्टी ब्लॉकर

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यांत जास्त आरडाओरडा याच औषधावर आहे.

मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून अंडाशयांना किंवा वृषणांना जो संदेश जातो तो ही औषधं थांबवतात. त्यामुळे शरीरात लैंगिक हार्मोन्स बनणं थांबतं आणि वयात येण्याची प्रक्रिया आहे तिथे थबकते. औषध नवीन नाही. अकाली वयात येणाऱ्या लहान मुलांना ते १९८० च्या दशकापासून दिलं जातं. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर दंडात त्वचेखाली बसवायची छोटी नळी. सुरुवात करायची तर वयात येण्याची पहिली शारीरिक लक्षणं दिसल्यानंतर, टॅनर श्रेणीत (डॉक्टर वयात येण्याचे टप्पे ज्याने मोजतात ती) सांगायचं तर दुसऱ्या टप्प्यावर किंवा त्यापुढे. त्याआधी नाही. आणि आवाज फुटून, दाढी येऊन, छाती पूर्ण वाढून झाली असेल तर त्याचा उपयोग फार उरत नाही.

ज्या मुलांना त्याचा फायदा झाला त्यांच्या घरी 'उसंत मिळाली' हेच ऐकू येतं. पण हे प्रश्न डॉक्टरांसमोर ठेवाच. किशोरवयात हाडांची घनता वेगाने वाढत असते आणि ब्लॉकरवर असताना ती वाढ मंदावते. म्हणून घनतेची तपासणी वर्षा-दोन वर्षांनी करतात आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, व्यायाम यांकडे बघतात. ब्लॉकर खूप लवकर सुरू करून थेट हार्मोन्सवर गेलं तर स्वतःचं मूल होण्याची शक्यता हातची जाऊ शकते. ट्रान्स मुलींच्या बाबतीत पुढच्या शस्त्रक्रियेची पद्धतही त्यामुळे बदलू शकते. ब्लॉकर घेतलेल्यांपैकी बहुतेक मुलं पुढे हार्मोन्सवर जातात. योग्य मुलांची निवड झाल्याची ही खूण मानावी की औषधानेच वाट ठरवली असं म्हणावं, यावर तज्ज्ञांत वाद आहे.

तो वाद किती खोल आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं. फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये अल्पवयीनांसाठी निकष कडक केले. इंग्लंडमध्ये या उपचारांचा स्वतंत्र आढावा घेणाऱ्या डॉ. हिलरी कॅस यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. पुरावे कमकुवत असल्याचं त्याने म्हटलं. त्याच्या थोडं आधी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने संशोधनाबाहेर हे औषध नेहमीच्या उपचारात देणं बंद केलं होतं. अमेरिकेत अनेक राज्यांनी अल्पवयीनांच्या उपचारांवर बंदी घातली आणि जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याचा असा कायदा कायम ठेवला. दुसऱ्या बाजूला, एन्डोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपॅथ या जागतिक संघटनेच्या उपचार-मानकांची २०२२ मधली आठवी आवृत्ती, दोन्ही नीट मूल्यमापन करून हे उपचार देण्याच्या बाजूच्या आहेत.

माझं मत विचाराल तर पुरावे कमी असणं आणि उपचार वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि थांबणं म्हणजे काहीच न करणं असंही नव्हे, कारण तुम्ही थांबलात तरी शरीर थांबत नाही. फुटलेला आवाज आणि वाढलेली छातीसुद्धा सहज मागे जात नाही. दोन्ही बाजूंना किंमत आहे, आणि ती तुमच्या मुलाच्या बाबतीत किती हे तुमच्या मुलाला ओळखणाऱ्या डॉक्टरबरोबरच मोजता येतं. तुम्ही राहता तिथे आज कायदा काय आहे ते पहिल्या भेटीतच विचारून घ्या. हे नियम भराभर बदलतायत.

८. हार्मोन्स सुरू करण्याआधी

बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांत साधारण १६ च्या आसपासचं वय धरलेलं असतं; काही ठिकाणी कायद्याने १८ पूर्ण लागतात.

टेस्टोस्टेरॉनने पाळी बहुधा पहिल्या सहा महिन्यांत थांबते, आवाज खाली उतरतो, अंगावर आणि चेहऱ्यावर केस येतात, योनीलिंग (क्लिटोरिस) वाढतं, स्नायू वाढतात, मुरुमं येतात. घराण्यात टक्कल असेल तर तेही येतं. यातला आवाज, दाढी आणि योनीलिंगाची वाढ औषध थांबवलं तरी राहते. पाळी मात्र परत येऊ शकते.

इस्ट्रोजेनने आणि त्याबरोबर दिल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनविरोधी औषधाने ३ ते ६ महिन्यांत त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलू लागते, स्तनांची वाढ सुरू होते. ती पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं किंवा जास्त लागतात आणि झालेली वाढ कायम राहते. फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने बारीक होत नाही. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञाकडे सराव करावा लागतो. दाढी विरळ होते, पण जात नाही. लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने केसांची मुळं जाळणं) लागतं.

मूल सोळा वर्षांचं असताना 'पुढे तुला स्वतःचं मूल हवं असेल का' हा प्रश्न हास्यास्पद वाटतो. तरी तो विचारायचा, आणि हार्मोन्स सुरू करायच्या आधी विचारायचा. शुक्राणू किंवा बीजांडं गोठवून ठेवता येतात. बीजांडांची प्रक्रिया लांब, खर्चिक आणि ट्रान्स मुलासाठी मानसिकदृष्ट्या जड असते. नको म्हणणाराही निर्णय चालेल, पण प्रश्न विचारून झालेला असावा.

इथले सापळे :

- टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो आणि टेस्टोस्टेरॉन गर्भाला घातक आहे. लाज बाजूला ठेवून हे मुलाला सांगा.
- दुप्पट डोसाने बदल दुप्पट वेगाने होत नाहीत. टेस्टोस्टेरॉन जास्त झालं तर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होतं.
- ट्रान्स मुली मैत्रिणींकडून ऐकून गर्भनिरोधक गोळ्या इस्ट्रोजेन म्हणून घेतात. त्यातल्या इथिनिल इस्ट्रॅडिऑलने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, सिगारेट ओढत असेल तर आणखी. एका पायाला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं : लगेच रुग्णालय.
- इंटरनेटवरून मागवलेली इंजेक्शनं घरात सापडली तर फेकून देऊन भांडण उकरू नका. मूल कधीपासून आणि किती घेतंय ते शांतपणे विचारा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. अचानक दार बंद झालं की ते पुढच्या वेळी जास्त चांगलं लपवतं.

पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी असते, नंतर वर्षातून एक-दोनदा. तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. बरं वाटायला लागलं की तपासण्या बुडतात.

९. शस्त्रक्रिया

कित्येक ट्रान्स माणसं कुठलीच शस्त्रक्रिया करत नाहीत, आणि त्यामुळे ती कमी ट्रान्स ठरत नाहीत. करायची तर छातीची शस्त्रक्रिया आधी येते, जननेंद्रियांची सहसा सज्ञान झाल्यावरच. शल्यविशारदाला आधी केलेल्या रुग्णांचे फोटो, गुंतागुंत किती वेळा झाली आणि दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागली तर तिचा खर्च कोण करणार, हे विचारा. योनी तयार करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने नियमित डायलेशन करावं लागतं, म्हणजे योनी आकसू नये म्हणून आत साधन घालून ती रुंद ठेवावी लागते. घरात एकांत आणि वेळ आहे का ते आधी बघा. सिगारेट काही आठवडे आधीपासून बंद, नाहीतर जखम भरत नाही.

१०. कागदपत्रं

नियम देशागणिक वेगळे. अर्जेंटिनाने २०१२ मध्ये डॉक्टरी दाखला किंवा न्यायाधीशाचा आदेश न मागता स्वतःच्या घोषणेवर नोंद बदलायचा कायदा केला. कुठे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, कुठे शस्त्रक्रियेचा पुरावा, कुठे परवानगीच नाही. म्हणून आजचा नियम सरकारी संकेतस्थळावरून वाचा, ओळखीच्या माणसाने काही वर्षांपूर्वी काय केलं त्यावरून नको. क्रम मात्र बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतो :

- आधी मुळाचा कागद : नाव आणि लिंगनोंद बदलल्याचा अधिकृत आदेश, प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद. जेवढ्या मिळतील तेवढ्या प्रमाणित प्रती घ्या.
- मग फोटो असलेलं मुख्य ओळखपत्र.
- त्याच्या जोरावर बँक, फोनचं सिम, विमा.
- शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं. इथे सगळ्यांत जास्त वेळ जातो, म्हणून अर्ज लवकर टाका.
- पासपोर्ट शेवटी, आणि प्रवासाचं तिकीट काढलेलं असताना मुळीच नाही. तिकिटावरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही तर विमानतळावर अडकाल.

स्पेलिंग पहिल्या कागदावर ठरेल तेच शेवटपर्यंत, एका अक्षराचाही फरक नको. आडनाव, मधलं नाव, टिंब, सगळं. आणि जुने कागद फाडू नका, मुलाला कितीही वाटलं तरी. जुनी गुणपत्रिका आणि नवीन ओळखपत्र एकाच माणसाचं आहे हे सिद्ध करायला पुढे वर्षानुवर्षं त्यांची गरज लागते. मुलाच्या नजरेआड, तुमच्याकडे ठेवा.

११. तुमचं स्वतःचं, आणि मत बदललं तर

आई तयार आणि वडील तयार नाहीत, किंवा उलट, हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. ते भांडण मुलासमोर नको; त्याला वाटतं घर आपल्यामुळे मोडतंय. दुसऱ्या ट्रान्स मुलांच्या पालकांना भेटा. रडायचं ते तिथे रडा. भावंडांकडेही लक्ष असू द्या, कारण शाळेत प्रश्न त्यांनाच विचारले जातात आणि उत्तर काय द्यायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. त्यांना एक वाक्य तयार करून द्या : "हा माझा दादा आहे, बाकीचं त्याला विचार."

काही जण मध्येच थांबतात, काही परत फिरतात. कधी स्वतःबद्दलची समज बदलते, कधी घरचा दबाव, नोकरी किंवा पैसा कारण असतो, कधी तब्येत. मूल असं काही सुचवू लागलं तर 'मी म्हटलं नव्हतं का' हे वाक्य पोटात ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी ते तुम्हाला काहीच सांगणार नाही. ज्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं त्यांच्याकडेच थांबवायला जा. अंडाशय किंवा वृषणं काढलेली असतील तर हार्मोन पूर्ण बंद करून चालत नाही. हाडांसाठी शरीराला कुठलं ना कुठलं लैंगिक हार्मोन बाहेरून द्यावंच लागतं. आणि कागदपत्रं पुन्हा बदलायची झाली तर क्रम तोच, दहाव्या पायरीवरचा, फक्त आता जोडायला आधीच्या आदेशाचीही प्रत लागते.